ऐकू तं येते, पण समजत नाही

नागपुरात मार्च सरत आला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वाळ्याची नवी ताटी बसते, पंप तपासला जातो, पत्र्याची ती पेटी खिडकीला लागते आणि जूनचा पाऊस येईपर्यंत घरातलं सगळं बोलणं तिच्या घरघरीवरून चालतं. तरण्या कानांना याचं काही वाटत नाही. आवाज थोडा चढवला की झालं. सत्तरीतल्या आजोबांचं मात्र नेमकं याच दिवसांत बिनसतं. विचारावं एक तर उत्तर भलतंच. सून म्हणते, बाबा लक्षच देत नाहीत. आजी म्हणते, यांना पाह्यजे तेवढंच ऐकू येते. आणि आजोबांचं स्वतःचं म्हणणं, जे मेडिकलच्या कान-नाक-घसा विभागापासून धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांपर्यंत कुठेही कानावर पडेल : "ऐकू तं येते, पण समजत नाही."

यात बहाणा नाही. उलट, आजोबांनी त्या एका वाक्यात स्वतःचं निदानच सांगून टाकलेलं असतं. फक्त ते समजून घेणारं कुणीतरी समोर लागतं.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या नळीतून पडद्यावर आदळते, पडद्यामागची तीन इवली हाडं ती पुढे ढकलतात आणि ती पोचते शंखिकेत. अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आतल्या पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,०००. आतल्या पेशी मेंदूला बातमी पोचवतात. बाहेरच्या पेशींचं काम वेगळं : त्या स्वतः आखडतात, ताणतात आणि क्षीण आवाजांना जोर देतात. म्हणजे कानात जन्मतःच एक अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला आहे. वयाने किंवा गोंगाटाने आधी मरतो तो हाच, आणि माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

त्या मरण्यालाही क्रम असतो. शंखिकेच्या दाराशी उंच स्वर टिपले जातात, शेवटच्या टोकाशी खर्ज. आवाजाची लाट या पट्टीवरून कशी धावते हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. झीज सुरू होते ती बहुधा दाराकडून. म्हणून उंच स्वर आधी जातात आणि ढोल, ट्रकचा हॉर्न, कुकरच्या बुडाची खदखद शाबूत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यांना तर सगळं ऐकू येतं.

आता मराठी बोलण्याकडे या. आ, ओ, ऊ हे स्वर दणकट. त्यांची बरीचशी ताकद १,००० हर्ट्झच्या खालीच असते. स, श, फ, थ, ख, च यांची ओळख पटवणारा फूत्कार मात्र २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि स्वरांच्या मानाने फारच हलका. काल, साल, खाल, चाल, ताल, पाल हे शब्द एखाद्याने ओळीने म्हटले, तर आजोबांपर्यंत पोचतो तो आकार आणि लकार. पहिलं अक्षर मेंदूने अंदाजाने भरायचं. शांत खोलीत, समोर ओठ दिसत असताना, विषय ठाऊक असताना हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. कूलर सुरू झाला की त्याची घरघर उंच-नीच सगळ्या पट्ट्यांवर पसरते, उरलंसुरलं व्यंजन तिच्याखाली दबतं आणि अंदाज बांधायलाही काही उरत नाही.

मराठीत हा 'स' नुसत्या शब्दात नाही, व्याकरणातही बसलेला आहे. 'आला' आणि 'आलास', 'होती' आणि 'होतीस' यांतला फरक एका फूत्काराचा. नागपुरी बोलीने इथे म्हाताऱ्या कानांवर उपकारच केले आहेत, "तू कवा आला?" असं म्हणताना तिने तो 'स' आधीच गाळलेला असतो. पण जन्मतः कमी ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर तो पडलाच नाही, तर शाळेच्या पुस्तकातलं मराठी त्याला कायम परकं राहतं. लहान मुलाला कानाची मशीन बसवताना 'स' पोचतो की नाही यावर एवढा जोर असतो तो यासाठी.

वयाच्या खालोखाल गुन्हेगार म्हणजे गोंगाट. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या शहराच्या कित्येक पिढ्यांची भाकर तिने भाजली. यांत्रिक मागांच्या खात्यात आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. तिथे आठ-आठ तास उभं राहिलेल्या माणसाचा श्रवणालेख काढला की ४,००० हर्ट्झपाशी एक खड्डा दिसतो. गोंगाटाची ती ओळखीची खूण. गिरणी गेली, तिच्या जागेवर मॉल आला, कान मात्र तसेच राहिले. आज तेच काम बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आणि कोराडीच्या वीजकेंद्रातली यंत्रं करू शकतात. कायद्याची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून लिहिलेला आहे. पण हा आजार रक्त काढत नाही, दुखत नाही, रजाही मागत नाही, त्यामुळे नोंद करायला कुणी धावत नाही. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल वेगळं काय लिहायचं? त्याच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांना रात्री कानात जी शिट्टी ऐकू येते, ती दुखावलेल्या केसपेशींची असते.

कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला मशीन लागते असं नाही. आधी कानाच्या डॉक्टरांनी आत पाहायला हवं. नळीत मळाचा बोळा असतो, पडद्याला भोक असतं, लहानपणापासून कान फुटत आलेला असतो, हाडांची साखळी आखडलेली असते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध किंवा शस्त्रक्रिया आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांतच. "होईल बरं, सर्दी असंन" म्हणत महिना काढलेल्यांना पुढे फारसं काही देता येत नाही.

तपासणीची खोली पाहण्यासारखी असते. जाड गादीच्या भिंती, दुहेरी काचेची खिडकी, आत एक खुर्ची. कानांवर हेडफोन, हातात बटण. पलीकडे ऑडिओलॉजिस्ट एक-एक स्वर पाठवतात, २५० हर्ट्झपासून ८,००० पर्यंत, आणि प्रत्येक स्वर जेमतेम ऐकू येईल इतका खाली उतरवत नेतात. मग कानामागच्या हाडावर एक कंपक टेकवून तेच पुन्हा. हवेतून कमी आणि हाडातून ठीक ऐकू आलं, तर दोष बाहेरच्या वाटेत. दोन्हींतून कमी आलं, तर आतल्या पेशींत किंवा नसेत. उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या. त्या कागदावर रेषा डावीकडून उजवीकडे घसरत गेलेली दिसली की आजोबांच्या वाक्याचा अर्थ लागतो.

याच कागदावर सरकारी मदतही ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल नुकसान असेल तर 'ऐकू कमी येणारा' आणि ७० च्या वर असेल तर 'कर्णबधिर'. पन्नासला अडकलेला माणूस, ज्याचं घरातलं बोलणं, दुकान, फोन सगळं विस्कटलेलं असतं, तो या व्याख्येत बसतच नाही. मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभं राहून "प्रमाणपत्र मिळत नाही" एवढंच ऐकून परतणारा बहुतेकदा हा.

मशीन म्हणजे काय, तर एक मायक्रोफोन, एक चिप, एक इवला स्पीकर आणि सेल. जुन्या लोकांना आठवत असेल, खिशात काडेपेटीपेक्षा मोठी डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला तशी मशीन आक्रसत कानामागे गेली, आणि १९९६ पासून पूर्ण डिजिटल मशीन बाजारात आल्या. फरक आकाराचा कमी आणि वागण्याचा जास्त होता. जुनी मशीन सगळंच वाढवायची, कुकरची शिट्टीसुद्धा. डिजिटल मशीन आवाजाचे पट्टे पाडते आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी वाढ देते : खर्जाला जवळजवळ नाही, ४,००० च्या आसपास भरपूर.

पण नुसती वाढ पुरत नाही. ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याने हा प्रसंग हमखास पाहिलेला असतो. "काय म्हणतो? जोरात बोल नं." मुलगा आवाज चढवतो. "अरे, ओरडून काहून राहिला?" मुलगा वैतागतो. दोघांचंही चुकत नाही. निरोगी कानाला शून्याच्या आसपास ऐकू येऊ लागतं आणि १०० डेसिबलच्या जवळपास सहन होईनासं होतं. मधली सगळी जागा वापरायला मिळते. बाहेरच्या केसपेशी गेल्या की खालची पायरी साठपर्यंत वर येते, वरची मात्र तिथेच राहते. अख्ख्या जगाचे आवाज चाळीस डेसिबलच्या खोलीत कोंबायचे. म्हणून मशीनला हळू आवाज खूप, मधला बेताचा आणि मोठा जवळजवळ काहीच न वाढवण्याची शिस्त लावावी लागते. याला कॉम्प्रेशन म्हणतात, आणि बसवण्यातली निम्मी कारागिरी यात आहे.

उरलेली निम्मी कानाच्या नळीत. ज्यांना जास्त वाढ लागते त्यांच्यासाठी कानाचा साचा घेतात. आधी दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा बोळा आत सरकवतात, म्हणजे लगदा पडद्यापर्यंत जाऊ नये. मग सिलिकॉनचा लगदा पिचकारीने भरतात आणि काही मिनिटं थांबतात. या साच्यावरून मोल्ड तयार होतो. तो सैल झाला तर आवाज बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारते. घट्ट झाला तर माणसाला स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. म्हणून मोल्डला बारीक भोक पाडतात. किती मोठं, हे त्या माणसाचा खर्ज किती शाबूत आहे त्यावर ठरतं. बाजारात तयार मऊ टोप्याही मिळतात आणि हलक्या नुकसानाला त्या चालतात. पण मोठ्या नुकसानाला तयार टोपी लावून दिलेली मशीन शिट्टी मारणारच, आणि शिट्टी मारणारी मशीन लग्नाच्या मांडवातून थेट कपाटात जाते.

किती वाढ द्यायची? साठ डेसिबल नुकसान आहे म्हणून साठ डेसिबल वाढ दिली तर माणूस मशीन भिरकावून देईल. अमेरिकेत सॅम्युअल लायबार्गर यांनी १९४० च्या दशकातच साधारण निम्म्या वाढीचा ठोकताळा मांडला होता. आज संगणकात सूत्रं असतात : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनी प्रयोगशाळेचं एनएएल-एनएल२ आणि मुलांसाठी जास्त वापरलं जाणारं, कॅनडात घडलेलं डीएसएल. पहिलं सूत्र वय विचारतं, स्त्री की पुरुष विचारतं, मशीन पहिल्यांदा लावताय का विचारतं, आणि भाषा चिनीसारखी सुरांवर अर्थ बदलणारी आहे का हेही विचारतं. मराठीसाठी उत्तर 'नाही'. मग एक आकडा येतो. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी काम इथेच संपतं. संगणकाने सुचवलेली मांडणी मशीनमध्ये भरली, कानात घातली, "येतंय का ऐकू?" विचारलं, आजोबांनी मान डोलावली, बिल झालं.

खरं तर त्या आकड्याची परीक्षा अजून व्हायची असते. प्रत्येकाची नळी वेगळ्या लांबीची आणि रुंदीची. तीच मशीन दोन कानांत दोन प्रकारे वाजते. मशीनशेजारून सिलिकॉनची बारीक नळी पडद्याजवळपर्यंत सरकवून, तिथे प्रत्यक्षात किती आवाज पोचतो हे मोजता येतं. याला रिअल इअर मापन म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्या मते मशीन घेणाऱ्याने ब्रँड, ब्लूटूथ, चॅनेल किती हे विचारण्याआधी हे विचारावं : मोजून देणार का, आणि पुढच्या दोन महिन्यांत किती वेळा पुन्हा बसवून देणार?

कारण पहिला आठवडा वाईट जातो. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज एकदम घरात शिरतात : ताटलीवर आपटलेला चमचा, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःच्याच चपला, भिंतीवरची पाल. मेंदूला यातलं टाकाऊ काय आणि कामाचं काय हे पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून वाढ सुरुवातीला थोडी कमी ठेवून हळूहळू चढवतात. आधी शांत खोलीत एका माणसाशी, मग टीव्ही, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी सीताबर्डीचा बाजार. "रोज लावतो ना?" या प्रश्नाला "हो तं" असं उत्तर येतं, पण आजच्या बऱ्याच मशीन किती तास चालल्या याची नोंद ठेवतात. संगणकाच्या पडद्यावर दिवसाला एक तास उमटलेला दिसला की खोलीत एक छोटी शांतता पसरते आणि मग खरी तक्रार बाहेर येते.

नागपुरात ती तक्रार पुष्कळदा कूलरचीच निघते. मशीनला दोन मायक्रोफोन असतील तर ती समोरचा आवाज उचलून मागचा दाबू शकते, आणि कूलरसारखी एकसुरी घरघर ओळखून थोडी कमीही करते. थोडीच, कारण घरघर आणि बोलणं एकाच पट्ट्यात असतं, त्यामुळे एक काढताना दुसऱ्याचं सालपट निघतं. त्यापेक्षा खुर्ची हलवणं स्वस्त. बोलणारा समोर, कूलर पाठीमागे आणि झोत थेट कानावर येणार नाही अशा कोनात, कारण वारा मायक्रोफोनवर आपटला की त्याचाच खडखडाट होतो. बोलणाऱ्याने चार हातांवरून दोन हातांवर यावं; अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि त्याला एक पैसा पडत नाही. स्वयंपाकघरातून हाक मारणं मात्र सोडावं लागतं, आणि घरच्यांना नेमकं हेच सगळ्यात जड जातं.

पैशांचं बोलू. मशीनवर जीएसटी नाही, तरी किमती काही हजारांपासून जोडीला काही लाखांपर्यंत जातात. महागात मिळते ती मुख्यतः गोंगाटातली सोय. शांत घरात राहणाऱ्या माणसाला नीट बसवलेली साधी डिजिटल मशीन लाखाच्या न बसवलेल्या मशीनपेक्षा जास्त ऐकवते. केंद्राच्या एडीप योजनेतून आणि २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याच्या मशीन मोफत मिळतात. रेशीमबागच्या मैदानावर ऑगस्ट २०२२ मध्ये अशा साहित्यवाटपाचं मोठं शिबिर झालं. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची : ६५ वर्षांवरील, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये. साहित्याच्या यादीत चष्मा आहे, कमरेचा पट्टा आहे, कमोड खुर्ची आहे आणि श्रवणयंत्रही आहे. कमरेचा पट्टा या पैशांत येतो. तीन हजारांत कानाची येते ती एकच, आणि पुन्हा-पुन्हा बसवून देण्याचा खर्च त्यात कुठेच धरलेला नसतो.

शिबिरांना नावं ठेवणं सोपं आहे. काटोल-उमरेडकडच्या गावातल्या म्हातारीपर्यंत मशीन पोचते ती शिबिरामुळेच, दवाखान्यामुळे नाही. पण वाटपाचा दिवस हा कामाचा पहिला दिवस असतो आणि आपल्याकडे तोच शेवटचा ठरतो. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीतलं संयुक्त क्षेत्रीय केंद्र नागपुरात आहे, मेडिकल आहे, मेयो आहे. वाटलेली प्रत्येक मशीन महिनाभराने यांच्यापैकी एका टेबलावर परत यायला हवी, आणि त्या फेरीच्या एसटी भाड्याची तरतूदही योजनेतच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, मशीनचा उपयोग होईल अशा शंभरातल्या फक्त १७ जणांकडे ती वापरात आहे. शिबिराचा आकडा मात्र वाटलेल्या मशीनचा छापून येतो, वापरातल्या मशीनचा नाही.

ऑनलाइन मागवलेल्या दोन हजारांच्या 'साउंड अ‍ॅम्प्लिफायर'बद्दल एवढंच, की तो सगळंच वाढवतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम नुकसानासाठी प्रौढांना चिठ्ठीशिवाय मशीन विकत घेता येतात, पण त्यांनाही कमाल आवाजाची मर्यादा घालून दिलेली आहे.

शेवटी निगा. बहुतेक साध्या मशीनमध्ये जस्त-हवा सेल असतो. पाठीवरचा रंगीत कागद काढला की हवा आत जाते आणि तो जागा होतो. काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच मशीनमध्ये घालावा. कागद परत चिकटवल्याने तो झोपत नाही. नारिंगी कागद १३ नंबरचा, तपकिरी ३१२ चा, निळा ६७५ चा. दुकानात नंबर आठवला नाही तर रंग सांगावा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडलेला सेल आतून लवकर सुकतो. पारा ४५ च्या वर असताना मशीन स्कूटीच्या डिकीत ठेवू नये. घाम आणि पावसाळी दमट हवा यांना उपाय म्हणजे रात्री सेलचं दार उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवणं.

आणि मशीन "बंद पडली" म्हणून घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत ऑडिओलॉजिस्ट आधी स्क्रू उघडत नाहीत. भिंग घेऊन मोल्डचं किंवा स्पीकरचं टोक पाहतात. तिथे बहुधा कानाचा मळ बसलेला असतो. मोल्डचं भोक ब्रशने साफ होतं. स्पीकर नळीत बसणारा असेल तर टोकावरची इवली जाळी बदलायची, दोन मिनिटांचं काम. ते घरी करता येतं, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी करून दाखवायला हवं, आणि दाखवताना आजींनाही शेजारी बसवायला हवं. मशीन आजोबांच्या कानात असली तरी जाळी बदलणार त्या.